बुधवार, कालवे आणि कारांबा : स्पॅनिश वैतागाची सभ्य वाट

१५ फेब्रुवारी २०२५ रोजी स्पेनमधील पाम्प्लोना शहरात ओसासुना आणि रेआल माद्रिद या संघांमध्ये ला लिगा स्पर्धेचा सामना सुरू होता. पहिल्याच सत्रात रेआल माद्रिदचा इंग्लिश खेळाडू ज्यूड बेलिंगहॅम पंचांसमोर काहीतरी बोलला आणि पंच खोसे लुईस मुनुएरा मोंतेरो यांनी त्याला थेट लाल कार्ड दाखवले. शब्द इंग्रजी होते आणि ऐकणारे कान स्पॅनिश होते. पंचांच्या अहवालानुसार ती शिवी त्यांना उद्देशून होती. बेलिंगहॅमचे म्हणणे असे, की तो केवळ वैतागाचा उद्गार होता आणि त्यात कोणाचा अपमान नव्हता. पंचांना इंग्रजी नीट उमगले नाही, असे सांगून प्रशिक्षक कार्लो आन्चेलोत्ती यांनी त्या उद्गाराला जोड म्हणून एक रांगडा, पण स्पेनमध्ये सर्रास ऐकू येणारा स्पॅनिश वाक्प्रचार पत्रकारांना सांगितला. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि बेलिंगहॅमवर दोन सामन्यांची बंदी आली.

या वादात मूळ शब्द एकच होता. त्याच्या मागे लागलेला छोटासा शब्द कोणता, एवढाच प्रश्न होता. एका शब्दाने तो वैताग ठरत होता, दुसऱ्याने शिवी. परकी भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न भेटतो. शब्दाचा अर्थ शब्दकोशात मिळतो, पण त्याचे वजन तेथे क्वचितच नोंदलेले असते. शिवीच्या बाबतीत तर अर्थापेक्षा वजनच महत्त्वाचे.

स्पॅनिश ही आज वीस सार्वभौम देशांची अधिकृत भाषा असून ती मातृभाषा म्हणून बोलणारे सुमारे ५० कोटी लोक आहेत. गोव्यालाही ती आता पूर्वीइतकी दूरची राहिलेली नाही. फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवा संघाला सेर्खिओ लोबेरा, मानोलो मार्केस यांसारखे स्पॅनिश प्रशिक्षक लाभले आणि फेरान कोरोमिनासचे गोल येथील प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. शिवाय पोर्तुगीज जाणणाऱ्या जुन्या पिढीला तर स्पॅनिश ही मावशीच. असे असताना स्पॅनिश शिकू पाहणाऱ्याने 'नमस्कार' आणि 'आभारी आहे' यानंतर 'हात्तिच्या!' कसे म्हणायचे, हेही जाणून घेणे उपयोगाचे आहे. बस चुकते, किल्ली सापडत नाही, चहा सांडतो. अशा वेळी माणसाच्या तोंडून काहीतरी निघणारच. ते काय असावे, एवढेच त्याच्या हातात असते.

शिवीला नाव काय?

मराठीत शाप, शिवी आणि उद्गार या तीन गोष्टी वेगळ्या मानल्या जातात. 'तुझे तळपट होवो' हा शाप, 'गाढवा' ही शिवी आणि 'अरेच्चा' हा उद्गार. स्पॅनिशमध्येही असे भेद आहेत. शापासाठीचा शब्द 'माल्दिसिओन'. लॅटिनमधील 'वाईट' आणि 'बोलणे' या दोन शब्दांच्या जोडणीतून तो आला आहे. हाच शब्द 'घात झाला!' अशा अर्थाने उद्गार म्हणूनही वापरता येतो, पण तो प्रामुख्याने डब केलेल्या चित्रपटांत आणि कॉमिक्समध्ये भेटतो. खरा माणूस वैतागला की बहुधा 'माल्दिता सेआ' म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ 'ती शापित असो'. ही 'ती' कोण, हे सांगितलेले नसते. मराठीतील 'हात्तिच्या' या उद्गारातली 'ती' तरी कोण, हे कोठे सांगितलेले असते?

असभ्य शब्दाला स्पॅनिशमध्ये 'पालाब्रोता' म्हणतात. 'पालाब्रा' म्हणजे शब्द. पोर्तुगीज 'पालाव्रा' त्याचेच भावंड. त्याला मोठेपणा आणि बेढबपणा दाखवणारा प्रत्यय लागला, की 'पालाब्रोता', म्हणजे धटिंगण शब्द तयार होतो. स्पेनमध्ये आई मुलाला दटावते, ती मात्र 'ताको बोलू नकोस' असे म्हणून. ताको म्हणजे खुंटी किंवा दट्ट्या. मेक्सिकोत ताको हा खाद्यपदार्थ आहे आणि स्पेनमध्ये ती शिवी. चिलीमध्ये शिवीला 'गाराबातो' म्हणजे रेघोट्या म्हणतात, पेरूमध्ये 'लिसुरा' म्हणजे गुळगुळीतपणा, तर अर्जेंटिनात सरळ 'वाईट शब्द'. एखादा माणूस शिव्यांची लाखोली वाहू लागला, की स्पॅनिशमध्ये त्याच्या तोंडून 'बेडूक आणि साप' बाहेर पडतात.

या शब्दांना शब्दकोशात जागा मिळणे सोपे नव्हते. स्पॅनिश भाषेची राजमान्य अकादमी १७१३ मध्ये स्थापन झाली. भाषेला स्वच्छ करणे, स्थिर करणे आणि झळाळी देणे हे तिचे ब्रीद. या स्वच्छतेच्या कल्पनेत शिव्यांना फारसे स्थान नव्हते. अखेर कामिलो खोसे सेला या कादंबरीकाराने १९६८ मध्ये 'दिक्सिओनारिओ सेक्रेतो', म्हणजे 'गुप्त शब्दकोश', प्रसिद्ध करायला घेतला. त्याचा पुढील भाग १९७१ मध्ये आला. सेला स्वतः अकादमीचे सदस्य होते आणि पुढे १९८९ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. जनरल फ्रँको यांच्या राजवटीत, सेन्सॉरच्या कात्रीखाली एका अकादमी सदस्याने असभ्य शब्दांचे टिपण काढावे, ही लहान गोष्ट नव्हती.

वळण घेणारे शब्द

सौम्य वैतागाचे स्पॅनिश शब्द शिकणे सर्वांत सोपे आणि सर्वांत मनोरंजक आहे, कारण त्यांच्यामागे एकच युक्ती आहे. बोलणारा खऱ्या शिवीचा पहिला भाग उच्चारतो आणि ऐन वेळी वळण घेऊन एखाद्या निरुपद्रवी शब्दावर जाऊन थांबतो.

'मिएर्कोलेस' म्हणजे बुधवार. चिनी मातीचा कप हातातून निसटून फुटला, की एखादी सभ्य गृहिणी 'बुधवार!' असे ओरडते. नवख्याला वाटते, वाराचा काय संबंध? संबंध पहिल्या अक्षरांचा आहे. 'मिएर्दा' म्हणजे विष्ठा. जीभ 'मिएर्' इथपर्यंत आलेली असते, मर्यादेचे भान येते आणि शब्द बुधवारात विसावतो. 'ओस्त्रास' म्हणजे कालवे, तीच ती शिंपल्यातली कालवे. चकित झालेला किंवा चिडलेला स्पॅनिश माणूस 'कालवे!' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात 'ओस्तिया' हा शब्द असतो. ओस्तिया म्हणजे मिस्सामध्ये दिला जाणारा पवित्र प्रसाद. त्याचे नाव रागाने घेणे हे धार्मिक घरात मोठे पाप. दोन्ही शब्दांची सुरुवात सारखी, म्हणून कालवे मदतीला धावून येतात.

'कारांबा' आणि 'काराय' या जगप्रसिद्ध उद्गारांची कुळकथा हीच आहे. मूळ शब्द 'काराखो' हा पुरुषाच्या गुप्तांगाचा वाचक. जहाजाच्या डोलकाठीवरील टेहळणीच्या टोपलीला पूर्वी काराखो म्हणत आणि शिक्षा म्हणून खलाशांना तेथे पाठवीत, अशी एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. ती ऐकायला गोड आहे, पण कोशकार तिला आधार मानत नाहीत. त्यांच्या दृष्टीने या शब्दाची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. 'कारांबा' मात्र त्या शब्दाला दिलेले सभ्य वळण आहे, याबद्दल वाद नाही. पोर्तुगीजमध्येही हा उद्गार जसाच्या तसा आहे. संभोगवाचक 'खोदेर' या क्रियापदाची सौम्य रूपे 'खोलिन' आणि 'खोपे'. नुसते 'खो' म्हटले तरी चालते. लहान मुलांच्या तोंडी ती सतत असतात.

मराठीने हीच अडचण वेगळ्या रीतीने सोडवली आहे. मराठी वळण घेत नाही, ती तुकडा पाडते. 'शिंदळीच्या' या जड शिवीचा मधला भाग गळून 'शिंच्या' उरला आणि तो जुन्या पिढीतील सोवळ्या आजोबांच्याही तोंडी शोभू लागला. 'च्यायला', 'आयला' यांत वाक्याचा शेंडा आणि बुडखा दोन्ही उडाले आहेत. 'हात्तिच्या' यात षष्ठीचा प्रत्यय उरला, पण त्यापुढचे नाम गायब झाले. ऐकणाऱ्याला गाळलेले कळते, पण बोलणाऱ्याने ते उच्चारलेले नसते. स्पॅनिश माणूस रिकामी जागा तशीच सोडत नाही. तेथे तो बुधवार किंवा कालवे आणून ठेवतो. दोघांचा हेतू एकच: राग बाहेर पडावा, पण मर्यादा मोडू नये.

ही युक्ती टिकण्यामागे ध्वनीचाही वाटा आहे. अर्जेंटिनाचे व्यंगचित्रकार आणि लेखक रोबेर्तो फोंतानारोसा यांनी २००४ मध्ये रोसारिओ शहरात भरलेल्या स्पॅनिश भाषेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत 'वाईट शब्द' या विषयावर केलेले भाषण आजही आवडीने ऐकले जाते. हे शब्द वाईट का, ते इतर शब्दांना मारझोड करतात का, असे विचारून त्यांनी सभागृह हसवले आणि काही शब्दांचे बळ त्यांच्या एखाद्या व्यंजनात कसे असते, हे दाखवून दिले. 'मिएर्दा'चे बळ त्यांनी त्यातील 'र'मध्ये शोधले. शेवटी या शब्दांना माफी द्यावी, अशी त्यांनी विनंती केली. 'मिएर्कोलेस' या सभ्य पर्यायात तो 'र' शाबूत राहिला आहे. राग काढायला लागणारा आवाज बुधवारात तसाच मिळतो.

देवाचे नाव आणि धर्मन्यायालयाचा धाक

जुन्या स्पॅनिश उद्गारांत देव, सैतान, संत आणि प्रसाद यांची गर्दी आढळते. कॅथलिक धर्मात देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये, ही दहा आज्ञांपैकी दुसरी आज्ञा. स्पेनमध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय १४७८ मध्ये स्थापन झाले आणि पाखंडाबरोबरच देवनिंदेच्या प्रकरणांचीही ते चौकशी करू लागले. जुगारात हरलेला, गाढवाने लाथ मारलेला किंवा दारूच्या नशेतला माणूस रागाच्या भरात देवाविषयी काही बोलला, तर त्याची तक्रार होऊ शकत होती. अशा समाजात देवाचे नाव ओठांवर येऊन वळण घेणे ही केवळ सभ्यता नव्हती. ती सावधगिरी होती.

त्या सावधगिरीच्या खुणा भाषेत उरल्या. देव म्हणजे 'दिओस' आणि दहा हा आकडा म्हणजे 'दिएस'. स्पेनच्या बऱ्याच भागात या दुसऱ्या शब्दाचा उच्चार 'दिएथ' असा होतो. एका स्वराच्या फरकाने देवाच्या जागी दहाचा आकडा आला. 'देवाशपथ' या अर्थाचा जुना उद्गार 'पार्दिएस' झाला आणि सुवर्णयुगातील नाटकांत तो वारंवार येतो. देवाचे नाव घेऊन केलेली अत्यंत घाणेरडी शिवीसुद्धा आकड्यावर ढकलून सौम्य करण्यात आली. तिचे आणखी आक्रसलेले रूप म्हणजे 'मेकाचिस'. या शब्दाला आज स्वतःचा काहीच अर्थ नाही, पण आजीबाईंच्या तोंडी तो गोड वाटतो. 'दियाब्लो' म्हणजे सैतान. त्याचे नाव घेतले तर तो हजर होईल, म्हणून 'दियांत्रे' म्हणायचे. पोर्तुगीजमध्ये 'दियाबो'चे 'दियाशो' झाले, तेही याच भीतीपोटी.

गोव्याच्या इतिहासाशी या सर्वांचा धागा जुळतो. १५८० ते १६४० अशी साठ वर्षे पोर्तुगाल आणि स्पेन यांचा मुकुट एकाच राजाच्या डोक्यावर होता. त्या काळात जुन्या गोव्यातील व्हाइसरॉय स्पॅनिश हाब्सबुर्ग राजाच्या नावाने कारभार पाहत होते. गोव्याचे धर्मन्यायालय स्पेनच्या न्यायालयाहून वेगळे, पोर्तुगीज व्यवस्थेचे होते. १५६० मध्ये ते सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. तोंडातून निघालेल्या शब्दाची किंमत द्यावी लागण्याचा अनुभव या भूमीला वेगळा सांगावा लागत नाही. 'कालवे!' हा गमतीचा उद्गार म्हणूनच थोडा वेगळ्या कानाने ऐकावा लागतो. त्यामागे एके काळी भीती उभी होती.

अटलांटिकच्या पलीकडे

स्पॅनिश भाषा अमेरिका खंडात गेली आणि तेथील समाजांनी आपापली वळणे शोधली. मेक्सिकोत आश्चर्य, खेद किंवा किंचित वैताग व्यक्त करायला 'ईखोले' म्हणतात. त्याच्या पोटात 'ईखो' म्हणजे मुलगा हा शब्द आहे आणि 'अमक्या बाईचा मुलगा' ही शिवी अर्धवट गिळलेली आहे. अर्जेंटिना, चिली, पेरू या देशांत 'पुचा' हा उद्गार सौम्य हळहळ दाखवतो. मूळ शब्द वेश्येसाठीचा. मेक्सिकोत नुसते 'चिन' म्हटले, की पुढचे सारे ऐकणारा समजून घेतो.

या 'चिन'मागील क्रियापद मेक्सिकोच्या मनाची किल्ली आहे, असे ओक्ताविओ पास यांना वाटले. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एकांताचा चक्रव्यूह' या त्यांच्या निबंधग्रंथात त्यांनी या एका शब्दाची फोड करत स्पॅनिश आक्रमण, मूळ रहिवासी स्त्रियांवरील बळजबरी आणि त्यातून जन्मलेल्या समाजाची जखम यांचा माग काढला. शिवी ही समाजाच्या दुखऱ्या जागेवरचे बोट असते, हे त्यातून दिसते. पास हे १९६२ ते १९६८ या काळात मेक्सिकोचे भारतातील राजदूत होते आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मराठीतील जड शिव्या बहुतांशी आई, बहीण आणि जात यांच्याभोवती फिरतात, हे लक्षात घेतले, तर पास यांचा प्रश्न येथेही विचारता येतो.

देश बदलला, की निष्पाप शब्दही दगा देतात. याचे नेहमीचे उदाहरण 'कोखेर' हे क्रियापद. स्पेनमध्ये त्याचा अर्थ घेणे, पकडणे. 'बस पकडणे' यासाठी ते दिवसातून दहा वेळा वापरले जाते. मेक्सिको आणि अर्जेंटिनात मात्र तोच शब्द संभोगवाचक आहे. माद्रिदमध्ये शिकलेला विद्यार्थी ब्वेनोस आयरेसमध्ये 'बस कोठे पकडू?' असे विचारतो आणि समोरचा हसू दाबतो. तेथे 'तोमार' हे क्रियापद वापरावे. शिवी टाळण्यासाठीही शिव्या माहीत असाव्या लागतात, त्या अशा.

शिवी जेव्हा शाबासकी होते

एकाच शब्दाचे वजन प्रसंगानुसार बदलते, हे स्पॅनिश साहित्याने चारशे वर्षांपूर्वीच नोंदवले आहे. सेर्वांतेस यांच्या 'दोन किखोते' या कादंबरीच्या १६१५ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात, तेराव्या प्रकरणात, दोन सरदारांचे दोन सेवक रात्री गप्पा मारत बसतात. सांचो पान्सा आपल्या मुलीचे कौतुक करतो, तेव्हा दुसरा सेवक तिची वाहवा करताना आईवरून दिली जाणारी एक शिवी वापरतो. सांचो दुखावतो. दुसरा त्याला समजावतो, की मैदानात कोणी घोडेस्वाराने बैलाला उत्तम भाला मारला, की लोक हीच शिवी कौतुकाने उच्चारतात. थोड्या वेळाने सांचो त्याच्या बुधल्यातील दारू घशाखाली उतरवतो आणि त्याच शिवीने तिची तारीफ करतो. दुसरा सेवक त्याला लगेच पकडतो आणि सांचो हार मानतो.

मराठी वाचकाला यात परके काही वाटू नये. बऱ्याच वर्षांनी भेटलेला मित्र 'काय रे मेल्या, होतास कुठे?' असे विचारतो, तेव्हा तो मरणाची इच्छा करीत नसतो. 'मेला' हा शब्द एके काळी शाप होता. आज तो आईच्या रागातही येतो आणि मायेतही. शिमग्यात, किंवा गोव्याच्या शिगम्यात, एरवी तोंडातून न निघणारे शब्द ठरावीक दिवसांपुरते मोकळे होतात आणि सण संपला, की पुन्हा कुलूपबंद होतात. कोणी, कोणाला, कधी, कोणत्या सुरात म्हटले, यावर सारे अवलंबून असते. सांचोला ते स्वतःच्या भाषेतही चटकन कळले नाही. मग परभाषिकाची काय कथा?

शाप, शतावरी आणि कोर्टकज्जे

शापांसाठी स्पॅनिश भाषा क्रियापदाचे एक खास रूप वापरते. इच्छा, शंका, आशीर्वाद आणि शाप या सर्वांसाठी हेच रूप येते. मराठीत 'होवो', 'जळो', 'पडो' ही रूपे जे काम करतात, तेच ते करते. 'तुझ्यावर वीज पडो' या मराठी शापाची स्पॅनिश आवृत्ती 'तुला वीज दुभंगो' अशी आहे आणि पोर्तुगीजमध्येही तीच वीज कोसळते. या शापांमुळे व्याकरणाचा एक अवघड धडा सोपा होतो, कारण माणूस रागात शिकलेले रूप सहसा विसरत नाही.

जिप्सी शाप म्हणून स्पेनमध्ये प्रसिद्ध असलेला एक शाप तर गोमंतकीय वाचकाला लगेच पटेल: 'तुझ्यावर खटले येवोत आणि ते तू जिंकोस.' हरण्याचा शाप साधा असतो. जिंकण्याचा शाप देणाऱ्याला ठाऊक असते, की जिंकेपर्यंत वकिलाची फी, तारखांमागून तारखा आणि भावकीतील वैर यांतून माणूस कसा निघतो. कूळ-मुंडकाराचा किंवा वडिलोपार्जित घराचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालवलेल्या कुटुंबाला या शापाचे भाषांतर लागणार नाही.

मात्र रोजच्या चिडचिडीला वीज आणि खटले जड होतात. तेथे स्पॅनिश भाषा स्वयंपाकघरात शिरते. 'जा, शतावरीचे कोंब तळ!' म्हणजे 'चालता हो'. 'जा, गुळण्या कर!' याचाही अर्थ तोच. 'तुला रफू करोत!' हा तर फाटक्या कपड्यावरून बेतलेला सौम्य शाप. यांत कोणाची आई नाही, देव नाही, अवयव नाही. राग आहे, अंतर राखण्याची इच्छा आहे, आणि समोरच्याला हसू येण्याची सोयही आहे. नव्याने शिकणाऱ्याला याहून सुरक्षित शब्दसंपत्ती मिळणार नाही.

परकी शिवी हलकी का वाटते

मातृभाषेतील शिवी कानावर पडली, की अंगावर काटा येतो. परक्या भाषेतील शिवी मात्र गाण्यातल्या ओळीसारखी सहज म्हणता येते. हा केवळ अनुभव नाही, त्यावर संशोधन झाले आहे. कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तुर्की मातृभाषा असलेल्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली. निषिद्ध शब्द, आणि विशेषतः लहानपणी ऐकलेल्या दटावण्या, मातृभाषेत ऐकल्या की शरीराचा प्रतिसाद अधिक तीव्र होता. जाँ-मार्क देवाल यांनी २००४ मध्ये हजाराहून अधिक बहुभाषिकांच्या उत्तरांवरून हाच निष्कर्ष मांडला: शिवीचा भावनिक जोर बहुतेकांना पहिल्या भाषेतच सर्वाधिक जाणवतो.

यातून धोका स्पष्ट होतो. शिकणाऱ्याच्या जिभेला शब्द हलका लागतो, म्हणून तो बेफिकिरीने वापरतो. ऐकणाऱ्याच्या कानाला तो पूर्ण वजनाने लागतो. मराठी शिकणारा एखादा परदेशी मित्रांच्या नादाने घरातील वडीलधाऱ्यांसमोर 'च्यायला' म्हणून बसला, तर आपल्याला काय वाटेल, याची कल्पना केली, की पुरे.

शिवीने वेदना कमी होते, हेही तपासले गेले आहे. इंग्लंडमधील कील विद्यापीठाच्या रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांना बर्फासारख्या थंड पाण्यात हात बुडवायला सांगितले. शिवी पुटपुटणाऱ्यांनी साधा शब्द म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक वेळ हात पाण्यात ठेवला. २०२० मध्ये त्यांनी शिवीसारखे वाटणारे, पण नव्याने बनवलेले शब्द देऊन पाहिले; त्यांचा वेदनेवर तसा उपयोग झाला नाही. शिवीचे बळ नुसत्या आवाजात नसून लहानपणापासून तिच्याभोवती साठलेल्या निषेधात आहे, असा तर्क त्यावरून करता येतो. मग बुधवार आणि कालवे यांचे काय? ते नव्याने बनवलेले शब्द नाहीत. त्यांच्यामागे प्रत्येक स्पॅनिश मुलाला गाळलेला शब्द ऐकू येतो. शिकणाऱ्यालाही त्या गाळलेल्या शब्दाची ओळख झाली, तरच 'मिएर्कोलेस' म्हणताना त्याला थोडे हलके वाटेल. नाहीतर तो केवळ आठवड्याचा वार सांगत असतो.

शिकणाऱ्याने काय करावे

पहिली गोष्ट म्हणजे, कठोर शब्द समजण्यासाठी शिकावेत आणि सौम्य शब्द बोलण्यासाठी. 'काराखो' किंवा 'ओस्तिया' ऐकल्यावर कळले पाहिजेत. तोंडातून निघताना मात्र 'काराय' आणि 'ओस्त्रास' निघावेत. दुसरी गोष्ट, सौम्य शब्दांनाही वय आणि गाव असते. 'कारांबा' स्पेनमधील तरुणाच्या तोंडी जुनाट किंवा विनोदी वाटतो, तर लॅटिन अमेरिकेत तो अजून वापरात आहे. 'खोलिन' स्पेनबाहेर विचित्र वाटेल आणि मोठ्या माणसाच्या तोंडी थोडा बालिशही. 'पुचा' दक्षिण अमेरिकेत घरचा, माद्रिदमध्ये पाहुणा. तिसरी गोष्ट, उद्गार वस्तूवर काढावा, माणसावर नाही. फुटलेल्या कपाला 'मिएर्कोलेस' म्हटले तर कोणाचे काही बिघडत नाही. समोरच्या माणसाकडे बोट दाखवून म्हटलेला सौम्यातला सौम्य शब्दही अपमान ठरतो.

फुटबॉलच्या नियमावलीतील बाराव्या नियमानुसार अपमानकारक किंवा शिवराळ भाषेला थेट लाल कार्ड आहे. मैदानाबाहेर असा पंच नसतो. नोकरीच्या मुलाखतीत, सासरच्या जेवणात किंवा परगावच्या बसमध्ये कोणी कार्ड दाखवत नाही. समोरचा माणूस फक्त थोडा मागे सरकतो आणि चूक कोणती झाली, हे परक्याला बहुधा कळतही नाही. म्हणून स्पॅनिशच्या पहिल्या धड्यात वारांची नावे पाठ करताना बुधवारापाशी क्षणभर थांबावे. तो वार पुढे कधीतरी चहा सांडल्यावर उपयोगी पडेल.